अ रॉयल अफेअर : सासूबाईंना सबटायटल्स वाचून दाखवत बघितलेला पिच्चर

शनिवारी धो धो पाऊस, घोडबंदर रोड नेहमीप्रमाणे जाम, मॉलमध्ये जाऊन पिच्चर बघायचा प्लॅन नवऱ्याने कासारवडवलीच्या सिग्नलवरूनच फोन करून कॅन्सल केला, म्हणून मग मी घरीच लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि किती दिवस लिस्टमध्ये पडलेला 'अ रॉयल अफेअर' लावला. २०१२ चा आहे, डॅनिश. सबटायटल्स इंग्लिश, आणि सोफ्यावर शेजारी सासूबाई गवार मोडत बसलेल्या. म्हणाल्या, "तू लाव गं, मला नुसतं सांग काय बोलतायत ते." झालं! सव्वादोन तासांच्या वर सिनेमा आहे हा आणि तेवढा वेळ माझी रनिंग कॉमेंट्री चालू, शेवटी घसा बसला.

गोष्ट खरी घडलेली आहे. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज, त्याची धाकटी बहीण कॅरोलाइन, हिचं १७६६ मध्ये डेन्मार्कचा राजा सातवा क्रिस्टियान याच्याशी लग्न लावून दिलं. ती १५ वर्षांची, तो १७. एकमेकांना कधी बघितलेलंही नाही, लग्नसुद्धा लंडनमध्ये नवऱ्याशिवायच लागलं, त्याच्या जागी दुसरंच कोणीतरी उभं करून. हे मी सांगितल्यावर आईंनी गवार बाजूला ठेवली. "पंधरा म्हणजे माझ्याहून एकच वर्षाने लहान की!" आईंचं लग्न १९६७ सालचं, तेव्हा कायद्यानेसुद्धा मुलीचं वय पंधराच पुरे होतं, अठरा झालं ते १९७८ मध्ये. तिथून पुढे तो सिनेमा माझा राहिलाच नाही, त्यांचा झाला.

राजाची पहिली एन्ट्री म्हणजे हा पठ्ठ्या चक्क झाडामागे लपलेला. डोक्याने जरा हललेला, मधेच विचित्र हसणार, कुत्र्यावर जीव, नाटकाचं वेड, आणि बायकोशी काय बोलायचं ते ठाऊकच नाही. आईंचा पहिला शेरा, "मेलं ध्यान आहे." लग्नाच्या रात्रीचा सीन आला तेव्हा त्या एकदम गवारीत घुसल्या आणि मी रिमोट शोधायचं नाटक केलं, पण तो सीन उगाच टाकलेला नाही, एका पोरीला काय वाटलं असेल ते दोन मिनिटांत कळतं आणि त्याच्यात अंगप्रदर्शन वगैरे काही नाही. तरी दहा-बारा वर्षांच्या पोरांना बरोबर घेऊन बसू नका, शेवटी शिरच्छेदाचा चबुतराही आहे.

मग येतो डॉक्टर. स्ट्रुएन्से, जर्मन माणूस, राजाला सांभाळायला नेमलेला, काम केलंय मॅड्स मिकेलसनने. राजा आणि हा एकमेकांना नाटकातले डायलॉग टाकून दोस्त होतात तो सीन मस्तच आहे. राणी आधी याच्यावर खार खाऊन असते. मग एक दिवस तिला त्याच्याकडे बंदी असलेली पुस्तकं सापडतात, आणि हिची स्वतःची पुस्तकं डेन्मार्कमध्ये येतानाच सेन्सॉरने परत पाठवलेली असतात, त्यामुळे तिथून जे सुरू होतं ते पुस्तकांवरून सुरू होतं, डोळ्यात डोळे घालून नाही. मला हे फार पटलं. भर राजवाड्यात जिच्याशी धड बोलणारं कोणी नाही तिच्याशी कोणीतरी अक्कलहुशारीचं काहीतरी बोलतं एवढंच आहे ते. पुढे घोड्यावरून रपेट, नाच, मग व्हायचं ते होतंच. नाचाचा सीन मी नवरा घरी आल्यावर परत लावून दाखवला, तो भिजून आलेला, त्याला चहा हवा होता.

आता लोक या सिनेमाला लव्हस्टोरी म्हणतात पण माझं मत विचाराल तर खरा माणूस राणीचा नवरा आहे. मिकेल बो फोल्सगॉर नावाचा पोरगा, नाट्यशाळेत शिकतच होता तेव्हा हा रोल मिळाला आणि बर्लिन फेस्टिव्हलला बेस्ट अॅक्टरचं सिल्व्हर बेअर घेऊन गेला. आपल्याकडे असला रोल असता तर एक तर खलनायक केला असता नाहीतर जोकर. इथे तो कधी इतका दुष्ट वागतो की कानाखाली द्यावीशी वाटते आणि दुसऱ्या मिनिटाला तो शाळेतून घ्यायला कोणी न आलेल्या पोरासारखा दिसतो. मंत्री त्याला नुसते सह्या करायला बसवतात. डॉक्टर त्याला भाषणं लिहून देतो आणि हा दरबारात ती नटासारखी म्हणून दाखवतो, खूश होतो. म्हणजे बायको फसवते ती आहेच, पण त्याचा एकुलता एक मित्रसुद्धा त्याला वापरतोच आहे, आणि ते त्याला कळतंय का नाही हे त्या नटाने जे धरून ठेवलंय ना, त्याला तोड नाही. राणी गरोदर राहते तेव्हा हिशोब जुळावा म्हणून जी धडपड चालते ती बघताना आई म्हणाल्या, "अगं, त्या पोराला कोण विचारतंय का?" मघाशी हेच ध्यान होतं हां, मी बोलले नाही काही.

राणी झालेली अलिसिया विकँडर स्वीडिश आहे, या सिनेमासाठी डॅनिश शिकली. चांगलीच आहे, फक्त दुसऱ्या अर्ध्या भागात तिला लिहिणाऱ्याने कोपऱ्यात बसवलंय. तिथे सगळं राजकारण घुसतं. स्ट्रुएन्सेच्या हातात सत्ता येते, दीड वर्षही पूर्ण नाही पण हजाराच्या वर हुकूम काढले त्याने, छळ करून कबुली घेणं बंद, छापखान्यावरची सेन्सॉरशिप १७७० मध्ये सरळ रद्द. आणि गंमत बघा, सेन्सॉरशिप उठल्यावर लोकांनी पहिल्यांदा छापलं काय तर याच्या आणि राणीच्या भानगडी! मग यालाच परत लगाम घालावा लागला. ही एवढी खमंग गोष्ट आणि सिनेमात ती धावतपळत उरकलीय, त्याऐवजी खिडकीतून बाहेर बघणारे दोन-तीन सीन कापले असते तर चाललं असतं. सावत्र सासू युलियाना मारियाही अगदी संध्याकाळच्या मालिकेतली, भुवई उचलली की समजायचं कट शिजला. तिचा मुलगा गादीवर यावा ही तिची धडपड नीट दाखवली असती तर तीही माणूस वाटली असती.

एक सांगायचं राहिलं. कपडे, महाल, मेणबत्त्यांचा उजेड सगळं सुंदर आहे पण चकचकीत नाही. रस्त्यात चिखल आहे, माणसं भुकेली दिसतात. आपल्या ऐतिहासिक सिनेमांसारखं प्रत्येक फ्रेममध्ये झुंबर आणि स्लो मोशन नाही, पार्श्वसंगीत कानठळ्या बसवत नाही. आईंनी गडकरी रंगायतनला ऐतिहासिक नाटकं भरपूर बघितलीत, त्यांना मात्र हे जरा अळणी वाटलं. "एकही जण दणकून बोलत नाही."

जानेवारी १७७२ मध्ये मुखवट्यांच्या नाचानंतर रात्रीच राणी आणि स्ट्रुएन्से दोघांना अटक, २८ एप्रिलला स्ट्रुएन्सेचं डोकं उडवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात इकडे थेऊरला थोरले माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या, हे मी म्हटल्यावर आई बराच वेळ गप्प होत्या. कॅरोलाइनचा घटस्फोट, दोन्ही मुलं डेन्मार्कमध्येच ठेवून घेतली, ही भावाच्याच जर्मनीतल्या राज्यात सेले नावाच्या गावात, मुलं परत दिसली नाहीत, आणि मे १७७५ मध्ये ती स्वतः तापाने गेली, वय २३. तिच्या याच भावाच्या अमदानीत डिसेंबर १७७४ ला मुंबईकर इंग्रजांनी आपला ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडून घेतला, आता जिथे सेंट्रल जेल आहे तोच. रोज रिक्षाने तिथून जाते मी, हा हिशोब कधी डोक्यातच आला नव्हता.

सिनेमा सुरू होतो राणीच्या पत्राने, मुलांना लिहिलेल्या, आणि संपतो पण त्याच्यावरच. पुढे मुलगा मोठा होऊन काय करतो ते शेवटी पडद्यावर लिहून येतं, ते वाचल्याशिवाय बंद करू नका.

माझ्याकडून पाचात चार. सबटायटल्स मोठ्याने वाचायची असतील तर साडेतीन आणि मध्ये आल्याचा चहा.

रविवारी सकाळी आई कल्याणच्या मावशींना फोनवर गोष्ट सांगत होत्या. डॉक्टरचं नाव त्यांना आठवेना, राणीचंही नाही. "आणि मग आमचा राजा गं," असं मात्र तीनदा ऐकू आलं.