लग्नाचा बस्ता गांधीनगरला बांधायचा असेल तर

सुपारी फुटली की बस्त्याचा प्रश्न येतो, आणि कोल्हापूर भागात त्याचं उत्तर बहुतेक घरांत एकच असतं: महामार्गावरच्या तावडे हॉटेल चौकापासून आत वळायचं आणि गांधीनगरची होलसेल कापडपेठ गाठायची. रेल्वेनं येणाऱ्यांना वळिवडे स्टेशन जवळ. आहेराच्या मालासाठी ही पेठ आजही पहिल्या पसंतीची आहे. नवरीच्या शालूसाठी तेवढं खात्रीनं म्हणता येत नाही.

इथं स्वस्त का मिळतं, हे जागेच्या इतिहासात आहे. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बायका-मुलंच जास्त. ती गेल्यावर फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं तिथं वसली. पंजाब आणि बंगालचे निदान दोन भाग झाले. सिंध अख्खा पलीकडे गेला, आपलं म्हणायला एक जिल्हाही इकडे उरला नाही. भाषा परकी, लिपी अरबी वळणाची, हाती भांडवल नाही. अशा माणसाला माल अडकवून ठेवणं परवडत नाही. नगाला नफा थोडा घ्यायचा आणि माल लवकर हलवायचा, या रीतीवर त्यांनी पेठ उभी केली. बेताच्या कमाईच्या घरालाही चाळीस-पन्नास आहेर करता येतात ते या रीतीमुळे, आणि हे उपकार मोठे आहेत.

दुकानात ‘बस्ता आहे’ एवढं म्हटलं की गादीवर बसवून यादी मागतात. आजेचीर (आजीच्या मानाची साडी), करवलीची साडी, कानपिळ्याचा म्हणजे नवरीच्या भावाचा पोशाख, टॉवेल-टोपी, चोळीचे खण यांतलं काही समजावून सांगावं लागत नाही. सिंधमधून आलेल्यांच्या पुढच्या पिढ्यांना आपले मानपान असे तोंडपाठ आहेत. यादी मात्र घरूनच नावांसकट करून न्या, कारण होलसेलमध्ये सेट फुटत नाही. एका डिझाइनच्या चार, सहा किंवा आठ रंगांच्या साड्या एकत्रच घ्याव्या लागतात. यादी नसेल तर हमखास पाच-सहा साड्या उरतात. ‘सुट्टा भाव काय, सेटचा काय’ हे आधी विचारा. जीएसटी भावात धरलाय की वर लागणार, तेही.

फसगत होते ती मापात. साडी साडेपाच मीटर आणि ब्लाउज पीस ऐंशी सेंटिमीटर, म्हणजे एकूण ६.३० मीटर भरायला हवं. हलक्या मालात ब्लाउज पीस साडीच्याच लांबीत धरलेला असतो. तो कापला की निऱ्या कमी पडतात. नऊवारी ८.२० मीटरच्या आसपास भरली पाहिजे. गठ्ठ्यातली एक साडी पूर्ण उलगडून मोजायला लावा आणि उजेडात धरून घडीच्या रेषा व पदराचा जोड बघा. विणीतला दोष तिथंच लपतो. शर्ट पीस घेताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा: ५८ इंची पन्ह्याला पूर्ण बाहीसाठी १.६० मीटर लागतं, ३६ इंचीला सव्वादोन. पँटला ५८ इंचीत १.२० ते १.३०. अंगानं भारी पाहुण्यांसाठी पाव मीटर जादा धरा, नाहीतर पीस तसाच कपाटात पडून राहतो.

टॉवेल हातात जड लागला म्हणून चांगला समजू नका, वजन खळीचंही असतं. दोन्ही हातांनी जोरात चोळा. पांढरी भुकटी झडली तर पहिल्या धुण्यात तो जाळीसारखा होणार. गडद रंगाच्या सुती साडीवर ओला पांढरा रुमाल घासून रंग बघा.

शालू घ्यायचाच असेल तर सिल्क मार्कचं, म्हणजे अस्सल रेशमाच्या खुणेचं, लेबल बघा. ते नसेल तर काठाच्या आतला एक धागा जाळून दाखवायला सांगा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. जरीचा धागा यासाठी घेऊ नका, त्यावरून काही कळत नाही.

गैरसोयीही आहेत. आतले रस्ते अरुंद, लग्नसराईत गाडी लावायला जागा नाही, पुष्कळ ठिकाणी तयार कपडे घालून बघता येत नाहीत. बदली मिळते, पण फॉल न लावलेल्या, टॅग न तोडलेल्या मालाचीच. मुदत किती ते पक्क्या बिलावर लिहून घ्या. पाडव्याच्या सुमारास चेटीचंड येतो, तो दिवस टाळा. फॉल-पिको आणि ब्लाउज शिवायला लग्नसराईत महिना सहज जातो, तेव्हा लग्नाआधी दीड महिना, आठवड्यातल्या एखाद्या कामाच्या दिवशी सकाळीच पोचा.