खुर्ची, दार की दिवाणखाना?

आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होताहेत, त्यांना एकदा थाटात रेल्वेने फिरवायचंय, नागपूरहून काय घ्यावं? हा प्रश्न आला की मी उलट विचारतो : त्यांना ऐसपैस खुर्ची हवी, आतून कडी लावता येणारं दार हवं, की उठून जाऊन गप्पा मारत बसता येईल असा दिवाणखाना?

तिन्ही एकाच गाडीत हवं असेल तर डेक्कन ओडिसी. एमटीडीसीची, म्हणजे राज्य पर्यटन महामंडळाची, ही निळी गाडी २००४ साली सुरू झाली. स्वतंत्र केबिन, लाउंज, बार, दोन उपाहारगृहं, स्पासुद्धा. पण सहल आठवड्याची, भाडं माणशी लाखांत, आणि गाडी पकडायला आधी मुंबई किंवा दिल्ली गाठायची. तिच्या एका फेरीत ताडोबा आहे. म्हणजे नागपूरकराने मुंबईला जाऊन गाडीत बसायचं आणि वाघ पाहायला पुन्हा आपल्याच अंगणात यायचं! पैशाची चिंता नसेल तरी मी राजस्थान किंवा कोकण-गोव्याकडची फेरी बघेन.

खुर्चीचं म्हणाल तर नागपुरातल्याच अजनी स्टेशनाहून सुटणारी अजनी-पुणे वंदे भारत. १० ऑगस्ट २०२५ पासून धावते, ८८१ किलोमीटर, बारा तास. एक्झिक्युटिव्हचा डबा एकच, ५२ जागांचा. खुर्ची फिरवता येते, जेवण जागेवर येतं. मात्र ‘एक्झिक्युटिव्ह’ या शब्दावर भाळू नका. तिथे लाउंज नाही. पाय मोकळे करायचे तर दोन रांगांमधली वाटच. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बारा तास बसणं जड जातं. अशा वेळी शेगावला उतरून दर्शन घ्यावं, मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी पुढचं तिकीट काढावं. दारं आपोआप बंद होतात, थांबा जेमतेम, त्यामुळे फलाटावर उतरून कचोरी आणण्याचं धाडस बाबांना करू देऊ नका.

दाराचं सुख मुंबई दुरांतोच्या फर्स्ट एसीत. नवरा-बायको दोघंच असतील तर दोन बर्थचा कूपे मिळणं हीच खरी चैन. पण कूपे की चार बर्थची केबिन, हे चार्ट लागल्यावरच कळतं. केबिन आली तर समोर अनोळखी कुटुंब, आणि सकाळी त्यांच्याच डब्यातले पोहे. कित्येकांना तेही आवडतं म्हणा. रात्रीचा प्रवास असल्यामुळे बाहेरचं काही दिसत नाही, झोप मात्र होते. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तेव्हा जुन्या हिशेबाने अंदाज बांधू नका.

दिवाणखान्याची परवडणारी चव घ्यायची तर विस्टाडोम. काचेचं छत, मोठमोठ्या खिडक्या, ४४ फिरत्या खुर्च्या आणि टोकाला उभं राहून बघायची काचेची जागा. सेल्फीवाल्यांची गर्दी होते, पण घाटात सगळेच उभे असतात. नागपूरहून ही सोय नाही. मुंबई-पुणे मार्गावर डेक्कन क्वीन आणि डेक्कन एक्सप्रेसला हा डबा आहे. इथेच लोक फसतात : मुंबईहून डेक्कन क्वीन संध्याकाळी पाचनंतर सुटते, हिवाळ्यात घाट येईपर्यंत अंधार. काचेच्या छतातून काळोख बघायला जादा पैसे कशाला? पुण्याहून तीच गाडी सकाळी सव्वासातला निघते, खंडाळ्याचा घाट कोवळ्या उन्हात उतरते. शिवाय तिला डायनिंग कार आहे, टेबलाशी बसून गरम ऑम्लेट खायचं. १९३० पासूनची ऐट आहे ती.

म्हणून मी सांगतो तो फेरा असा : अजनीहून वंदे भारतने रात्री दहाच्या आत पुणे, तिथे मुक्काम. सकाळी डेक्कन क्वीनच्या विस्टाडोमने मुंबई, दिवसभर चौपाटी नाहीतर नातेवाईक. रात्री दुरांतोचा फर्स्ट एसी, सकाळी नागपूर. दगदग सोसणार नसेल तर पुण्यात आणखी एक दिवस वाढवा.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पावसाळ्यात विस्टाडोमच्या जागा झरझर संपतात, त्यामुळे तारीख डेक्कन क्वीनवरून ठरवा. वंदे भारत तिच्या आदल्या दिवशीची, आणि ती आठवड्यातून एक दिवस नसते, तो वार आधी पाहून घ्या.