माझे ₹1,23,050 आणि एक चिकन सेंटर

आधीच सांगते, मी अडाणी नाही. बी.पी.एड. आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मानधनावर खेळ शिकवते, दर मे महिन्यात गावात मुलांचं शिबिर घेते. म्हणूनच तर गळाला लागले. जाहिरात होती, "अमेरिकेत मुलांच्या समर कॅम्पला स्वयंसेवक, नऊ आठवडे, राहणं-जेवण फुकट, वर पॉकेट मनी." माझ्यासारखीला हे वाचून काहीच वाटलं नसतं का?

जाहिरात देणारा माणूस कोल्हापूरचा. काचेच्या दाराचं ऑफिस, भिंतीवर झेंडे, दर वाक्याला "ताई". मी कुंदा, आपली बेळगावची मिठाई, घेऊन गेले तर म्हणतो, "अहो, आमची आजी बेळगावातल्या शहापूरचीच!" आता शहापूरच्या आजीवर कोण संशय घेणार?

नोंदणी ₹4,500. 'डीएस-2019' या व्हिसाच्या कागदाचे ₹36,750. विमा ₹21,800. शेवटी "एम्बसीचं डिपॉझिट, परत मिळणारं" ₹60,000. हे साठ हजार आईच्या पिग्मीतले, भाजी विकून रोज शंभर-शंभर भरलेले.

यातल्या वस्तू खऱ्या असतात, तिथंच मेख आहे. कॅम्पमध्ये मुलं सांभाळणाऱ्यांसाठी जे-1 व्हिसा खरोखरच असतो. डीएस-2019 हा कागदही खरा, पण तो अमेरिकी परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली प्रायोजक संस्थाच देते, आणि त्या संस्थांची यादी खात्याच्या साइटवर कुणालाही बघता येते. मी बघितली. पैसे गेल्यावर! सेव्हिसचं, म्हणजे तिकडच्या सरकारी नोंदणीचं, शुल्क या प्रकाराला 2025 मध्ये 35 डॉलर होतं, व्हिसाचं 185 डॉलर, दोन्ही आपण स्वतः अधिकृत साइटवर भरायचे. या व्हिसाला डिपॉझिट हा प्रकारच नाही.

आता तो क्षण. 9 एप्रिल 2025, दुपारी शाळेच्या कट्ट्यावर बसून मी साठ हजारांचा क्यूआर स्कॅन केला. स्क्रीनवर नाव आलं, अमुकतमुक चिकन सेंटर. मी वाचलं. नीट वाचलं. हसूसुद्धा आलं. फोन केला तर म्हणाला, "ताई, आमचं करंट अकाउंट ऑडिटला आहे, भावाच्या खात्यावर टाका, आज शेवटचा दिवस." आणि मी पिन दाबला. अमेरिकेच्या वकिलातीचं डिपॉझिट कोंबडीवाल्याच्या खात्यात, आणि मी बी.पी.एड. बोट माझंच होतं, दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

त्याहून मोठी गोष्ट मला पुढे रात्री अंथरुणात कळली. या सगळ्या व्यवहारात मुलांबद्दल एकानेही मला प्रश्न विचारला नाही. मी चाळीस पोरं राजहंसगडावर न्यायची तर पालकांच्या सह्या, औषधांची पिशवी, कुणाला फिट येते, कुणाला मुंगळ्याची भीती, सगळं लिहून घेते. आणि परक्या देशातले लोक आधारची झेरॉक्स बघून आपली लेकरं माझ्या ताब्यात देणार होते? ना मुलाखत, ना पोलिसांचा दाखला. हे तरी मला कळायला हवं होतं, माझं कामच ते.

22 एप्रिलला मुंबईत व्हिसाची मुलाखत "लावून दिली" होती. 17 तारखेपासून त्याचा फोन बंद. मी 1930 वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला 23 ला. सहा दिवस लाजेत घालवले. तुम्ही सहा मिनिटंही घालवू नका, पैसे पहिल्या काही तासांतच अडकवता येतात. माझे ₹9,300 होल्ड झाले, आणि तेही सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणे!

मग पोलीस. इथल्या ठाण्यात म्हणाले, तक्रार कन्नडमध्ये लिहून आणा. दुकानातून ₹300 देऊन लिहून आणली. मग म्हणाले, आरोपी महाराष्ट्रातला, कोल्हापूरला जा. गेले. तिथले म्हणाले, पैसे बेळगाव जिल्ह्यातून गेलेत, कर्नाटकात द्या. कोगनोळी नाका मी चार वेळा ओलांडला. 1956 पासून सीमाप्रश्न ऐकत आलोय, मला तो असा कळला. वास्तविक 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची असते. मी ते कलम छापून नेलं. साहेबांनी त्यावर चहाचा कप ठेवला. हवालदार विचारतो, "बाई, इथं पोरं कमी आहेत काय, अमेरिकेची सांभाळायला?" आई शेजारीच होती. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "चल गे, बस चुकंल."

बँकेत तर, "पिन तुम्हीच टाकलात ना?" एवढ्यावर विषय संपला.

कुणी मुलाखतीशिवाय कॅम्प देत असेल तर उठून या. पैसे घेणाऱ्याचं स्क्रीनवरचं नाव मोठ्याने वाचा, घरच्यांना ऐकू जाईल असं. आणि आजी कुठल्याही गावची असो, पावती मागा.

गेल्या आठवड्यात नव्या नंबरवर त्याच माणसाचं स्टेटस कुणीतरी मला पाठवलं. फोटो तोच. "न्यूझीलंड, मुलांचा समर कॅम्प, डिसेंबर बॅच, फक्त 8 जागा." स्क्रीनशॉट घेऊन ठाण्यात गेले. म्हणाले, यात तुमची फसवणूक झालेली नाही, ज्याची होईल त्याला येऊ दे.