सरसकट विरोध, पी-१ पी-२ की पे अँड पार्क: हरकत नेमकी कशाला घ्यायची?

गल्लीत पार्किंगची नवी बंधनं येणार अशी कुणकुण लागली की पुण्यात आधी सह्यांचा कागद फिरतो. वर 'आमचा तीव्र विरोध आहे', खाली फ्लॅट नंबर. सही ठोकण्याआधी बंधन कुठलं आहे ते वाचा. पी-१ पी-२, नो पार्किंग आणि पैसे घेऊन गाडी लावू देणारं पे अँड पार्क, या तीन वेगळ्या गोष्टींना एकच विरोध करून भागत नाही.

सगळ्यात सौम्य ते पी-१ पी-२. सम तारखेला एका बाजूला गाड्या, विषम तारखेला दुसऱ्या. पैसे नाहीत, रस्त्याची एक बाजू मोकळी, आणि गाड्यांची रांग रोज एकाच दुकानदाराच्या दारात लागत नाही. रोज गाडी काढणाऱ्याला याचा त्रास जवळपास नाही. त्रास आहे तो मुलं परदेशात, गाडी खाली उभी आणि ड्रायव्हर बोलावल्याशिवाय ती हलत नाही अशा घरांना. (३१ आणि १ दोन्ही विषम, म्हणून महिनाअखेरीला कधीकधी एक दिवस सुटी मिळते.) तुमच्या गल्लीत अशी घरं बरीच असतील तर हरकत रास्त आहे. नाहीतर मी सही करणार नाही.

नो पार्किंगचं तसं नाही. पीएमपीची बस जाते किंवा अग्निशमनचा बंब वळायला जागा नाही, अशा रस्त्यावर एका बाजूच्या नो पार्किंगला विरोध करणं मला पटत नाही. मात्र दोन्ही बाजू बंद करणार असतील तर गाड्या कुठे जाणार हे विचारायलाच हवं. त्या शेजारच्या गल्लीत जातात, आणि पुढच्या वर्षी तिथे पाट्या लागतात. मंडईजवळचं आर्यन आणि मिनर्व्हा किंवा नारायण पेठेतला हमालवाडा ही वाहनतळं लक्ष्मी रोडवर खरेदीला आलेल्यांच्या सोयीची. पेठेतल्या वाड्यात राहणाऱ्याने रोज रात्री गाडी तिथे लावून चालत घरी यावं, ही अपेक्षा कागदावरच शोभते. सायकलींच्या काळातल्या वाड्यांना पार्किंग असणार कुठून! नव्या इमारतींनी मात्र ही सबब सांगू नये. त्यांनी आधी आपल्या तळमजल्यावर पार्किंगच्या जागी कुणाचं ऑफिस किंवा गोडाऊन थाटलंय का ते बघावं.

खरी धुसफूस पे अँड पार्कवर होते. २०१८ मध्ये महापालिकेने शहरभर पार्किंग धोरण आणलं, त्यात रात्री रस्त्यावर गाडी लावण्याचंही शुल्क होतं. इतका विरोध झाला की सभागृहात ते पाच रस्त्यांच्या प्रयोगावर आलं, आणि तो प्रयोगही रखडला. म्हणजे विरोधाने काम झालं. पण मिळालं काय? फुकट पार्किंग राहिलं आणि जागेसाठीची रोजची भांडणंही राहिली. 'माझ्या घरासमोर मी पैसे का देऊ' हा मुद्दा मला लंगडा वाटतो, कारण घरासमोरचा रस्ता घराच्या खरेदीखतात नसतो. ठेकेदाराबद्दलची भीती मात्र खरी आहे. पाटीवर एक दर, पावतीवर दुसरा, आणि पावती मागितली की कपाळाला आठ्या, हे वाहनतळांवर पुणेकरांनी पुरेसं पाहिलंय.

म्हणून गल्ली बाजाराला लागून असेल, दिवसभर बाहेरच्यांच्या गाड्या तुमचं गेट अडवत असतील, तर पे अँड पार्क उलट तुमच्याच फायद्याचं आहे. तिथे विरोधाऐवजी अटी घाला: रहिवाशांना सवलतीचा वार्षिक परवाना, रात्री शुल्क नाही, रोख घेणं बंद. निव्वळ निवासी गल्ली असेल तर पी-१ पी-२ पुरे, शुल्काला खुशाल विरोध करा.

हरकत कुठे द्यायची यातही लोक घोटाळा करतात. नो पार्किंग आणि पी-१ पी-२ चे आदेश वाहतूक पोलीस काढतात. बऱ्याचदा ते आधी तात्पुरते असतात, आणि हरकती-सूचना पोलीस उपायुक्त, वाहतूक शाखा, येरवडा यांच्याकडे लेखी मागवतात. शुल्क आकारणं हा महापालिकेचा विषय, ते पत्र तिकडे. दोन्हीकडे नुसत्या सह्या पाठवू नका. रस्त्याची रुंदी मोजून लिहा, शाळा सुटण्याची वेळ लिहा, दवाखाना कुठे आहे ते लिहा, फोटो जोडा, आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.