गणिताची चाचणी: बहुपर्यायी की पायऱ्यांसह लेखी?

२(क्ष − ३) = १० हे समीकरण घ्या. बहुपर्यायी चाचणीत ८, ६.५, २ आणि १६ असे पर्याय दिले, तर चुकीचं उत्तरही बोलतं. ६.५ निवडणाऱ्याने कंसातल्या ३ ला २ ने गुणलेलंच नाही. २ निवडणाऱ्याचं −६ पलीकडे नेताना चिन्ह बदललेलं नाही. १६ वाल्याने शेवटी २ ने भागलं नाही. असे पर्याय विचारपूर्वक रचावे लागतात. उगाच काहीतरी आकडे टाकले, की चाचणीतून फक्त गुण मिळतात, निदान नाही.

दोन अडचणी मात्र उरतातच. चार पर्यायांचे वीस प्रश्न नुसत्या अंदाजाने सोडवले तरी सरासरी पाच बरोबर येतात. शिवाय हुशार मुलं समीकरण सोडवतच नाहीत, एकेक पर्याय घालून बघतात. (तेही कौशल्यच, पण आपण मोजायला निघालो होतो ते नव्हे.)

लेखी उत्तरात रीत दिसते. शाब्दिक उदाहरणाला चार गुण असतील तर मांडणीला १, रीतीला २, उत्तराला १ अशी विभागणी तपासण्याआधीच ठरवा. सुरुवातीची आकडेमोड चुकली, पण पुढची रीत बरोबर असेल, तर पुढचे गुण कापू नका. नाहीतर एकाच चुकीची शिक्षा दोनदा होते. तपासताना आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग दुसरा. एकेक पेपर पूर्ण तपासला की हात सैल-घट्ट होतो.

भूमितीच्या सिद्धतेला लेखीच हवं. धडा संपल्यावर झटपट चाचपणीसाठी पाच-सहा नेमके बहुपर्यायी प्रश्न पुरतात.