मिनी पोकलेनचा पहिला हिवाळा : 610 तासांनंतर

मे महिन्यात साडेतीन टनी मिनी पोकलेन घेतलं तेव्हा अवर मीटरवर 4 तास होते. आज, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, 610 झालेत. घेताना ज्याने त्याने दोनच गोष्टी विचारल्या, खोल किती जातं आणि डिझेल किती पितं. हिवाळ्याचं कुणी विचारलं नाही, माझ्याही डोक्यात आलं नाही. बेळगावात गाडीला कसला आलाय हिवाळा? पहाटे बारा-तेरा अंश, दहा वाजता स्वेटर काढून सीटमागे. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण पुढे जे लिहिलंय त्यातलं निम्मं माझंच चुकलंय.

सोबतच्या पुस्तकात थंडीवर अख्खं प्रकरण आहे. रात्री ट्रॅक जमिनीला गोठून चिकटू नयेत म्हणून गाडी फळ्यांवर उभी करा, डिझेलमध्ये मेण धरलं तर अमुक करा, असलं सगळं. त्या थंडीचं डिझेल वेगळंच असतं. लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल काढलं. आपलं साधं डिझेल बेळगावजवळच्या घाटमाथ्यावर, जांबोटीच्या जानेवारीतही पातळच असतं. म्हणून ते प्रकरण मी मिटून ठेवलं. डिसेंबरात परत उघडावं लागलं.

उचगावच्या बाजूला शेताच्या पाइपलाइनची चर काढत होतो. सकाळी सात वाजता गाडी तिसऱ्या सेल्फला लागली. लागली, पण बूम, म्हणजे पुढचा मोठा हात, म्हाताऱ्यासारखा उठायला लागला आणि पंप कण्हायला लागला. ऑपरेटर गोकाककडचा, तो उतरून हात चोळत म्हणाला, "चळी भाळ ऐत्री, अण्णा." मी म्हटलं, गाडीला कसली थंडी, स्वेटर घालू काय हिला? अर्ध्या तासाने गाडी आपोआप सुधारली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

कारण सापडलं ते बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत. पावसाळ्यात खानापूरकडे काम करताना हायड्रॉलिक ऑइल, ज्याच्या दाबावर बूम-बकेट हलतं ते, ताकासारखं पांढरं झालं होतं, म्हणजे पाणी शिरलेलं. एका गॅरेजमध्ये सगळं ऑइल बदलून घेतलं. पुस्तकात माझ्या गाडीला 46 नंबरचं ऑइल सांगितलंय, तिथे 68 भरलं गेलं. "सगळ्या गाड्यांना हेच घालतो" म्हणाले, मीही मान हलवली. हा नंबर 40 अंशांवरच्या घट्टपणाचा असतो, मोठा नंबर म्हणजे जास्त घट्ट. पहाटेच्या बारा अंशांत तेच ऑइल चार-पाच पट घट्ट होतं. पंपाला ते पुरेसं ओढता येत नाही आणि तो कण्हतो. असंच रेटलं असतं तर पंप गेला असता. उद्यमबागेत होज आणि हायड्रॉलिकची कामं करणारे हाताशी आहेत, त्यामुळे एका दिवसात ऑइल काढून, फिल्टर बदलून 46 भरून झालं. पैसे दोनदा गेले ते गेलेच.

त्यानंतर मात्र दर शनिवारी गाडीभोवती फिरायची सवय लावून घेतली. तेव्हा लक्षात आलं, की आपल्याकडे हिवाळ्यात जो त्रास होतो तो खरा पावसाळ्याने ठेवून गेलेल्या पाण्याचा. थंडी फक्त तो उघडा पाडते. डिझेल फिल्टरखालच्या वाटीत बोटभर पाणी निघालं. अर्धं आलं कॅनमधून, कारण आम्ही साइटवर कॅननेच डिझेल नेतो. उरलेलं टाकीतल्या दवाचं. टाकी रात्री अर्धी रिकामी ठेवली की पहाटेच्या गारठ्यात आतल्या हवेतली ओल पत्र्याला धरते आणि खाली उतरते. आता संध्याकाळी टाकी भरूनच गाडी लावतो. वाटीचा नळ इतक्या आत बसवलाय की तिथे हात पोचायला लहान पोराचं मनगट पाहिजे. ही कंपनीवर माझी खरी तक्रार.

बॅटरी ऑगस्टमध्ये तीन आठवडे कामाविना पडून होती. डिसेंबरात सकाळी मीटर लावला तर 12.1 व्होल्ट. भरलेली 12.6 च्या वर दाखवायला पाहिजे. टर्मिनलवरचा पांढरा खार गरम पाण्याने धुतला, रात्रभर चार्ज केली, सुटला प्रश्न. नवीन घ्यायला निघालो होतो.

ग्लो प्लग गाडी लावण्याआधी इंजिन आतून तापवतो, पण त्याचा दिवा विझेपर्यंत थांबणं ऑपरेटर लोकांना कमीपणाचं वाटतं. आमच्या एका बदलीवाल्याने तर हवेच्या पाइपात स्टार्टिंग स्प्रे मारायला बाटली आणली होती. ग्लो प्लगच्या इंजिनात तो मारला तर आत धडाका होऊन पिस्टन जाऊ शकतो. बाटली मी काढून घेतली. आता नियम असा की गाडी लावायची, कमी स्पीडवर ठेवायची आणि चहा घ्यायचा. चहा संपला की बूम-बकेट रिकामी चार-पाच वेळा हळू वर-खाली करायची. मग ब्रेकर, म्हणजे दगड फोडायचा हातोडा.

कूलंटच्या जागी बोअरचं पाणी घालायची सवय इथे सगळ्यांना आहे. पाणी गोठणार नाही हे खरं, पण कूलंट गंज धरू देत नाही आणि मिश्रण उशिरा उकळतं, म्हणून मी ते ठेवलंय. रेडिएटरला मात्र वेगळाच शत्रू भेटला, उसाचं पाचट. तोडणी झालेल्या शेतात काम केलं की जाळीवर पाल्याचा थर बसतो आणि थंडीतही गाडी तापते. आतून बाहेर हवा मारून काढावा लागतो, बाहेरून मारला तर आणखी आत घट्ट बसतो.

रबर ट्रॅकमधली माती संध्याकाळीच काढायची, एवढं नक्की सांगतो. खानापूरकडची तांबडी असो की चिक्कोडीची काळी, रात्रीत वाळून विटेसारखी होते आणि सकाळी रोलर फिरवताना ट्रॅक ताणते. एकदा कडेला ओरखडा पडलाय, अजून वाढलेला नाही.

गाडी म्हणून विचाराल तर समाधानी आहे. गावातल्या बोळात, जिथे जेसीबी शिरत नाही तिथे, जलजीवनच्या पाइपलाइनची बरीच चर हिनेच काढली. डिझेल तासाला तीन-साडेतीन लिटर. सर्व्हिसवाला एकदा चार दिवसांनी आला, ते मात्र पटलं नाही.

आता ऊन तापायला लागलंय. उन्हाळ्यात 46 पातळ पडेल, 68 घाला असं ऑपरेटर रोज म्हणतोय. पुस्तकातला तापमानाचा तक्ता मार्चमध्ये दोघं बसून बघायचा असं ठरलंय. तोवर 46 च चालू आहे.