हॉटेल मॅनेजमेंटची पदवी: शिक्षण पक्कं, हप्ता जड (५ पैकी ३)

पुण्यात नवी पेठेत माझी मेस आहे. जेवायला बहुतेक अभ्यासिकेतली पोरं. लेकीने २०२० मध्ये बीएचएमसीटीला, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटच्या चार वर्षांच्या पदवीला, प्रवेश घेतला, २०२४ ला पास झाली, आता एका मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये कॉमी, म्हणजे शेफच्या हाताखालची शिकाऊ स्वयंपाकी, आहे. कॉलेज खासगी, शहराबाहेरचं. नाव लिहीत नाही, तशीच चालणारी आणखी बरीच आहेत.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरोखर चांगलं आहे. तिसऱ्या वर्षी लेक माझ्या मेसमध्ये वजनकाटा घेऊन बसली. दहा किलो फ्लॉवर आणला की निवडून हातात किती येतो, एका ताटामागे भात किती शिजतो आणि किती परत येतो, सगळं वहीत. इतकी वर्षं मी अंदाजाने ताटाचा भाव ठरवत होते. तिने कच्च्या मालाचा खर्च काढून दिला आणि रविवारच्या फीस्टमध्ये मला काहीच सुटत नाही हे दाखवलं. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी आली. पाच ते साठ अंश तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून सकाळची आमटी ओट्यावर ठेवायची नाही, हे आमच्या आचाऱ्याला तिनेच पटवलं. तो कुणाचं ऐकत नाही, तिचं ऐकतो. या शिकवणीला पाच पैकी पाच.

पहिलं वर्ष मात्र लॉकडाउनमध्ये गेलं. मेस बंद, आणि कॉलेजचं प्रॅक्टिकल मोबाइलवर: माझ्या गॅसवर, माझ्या दुधाचा बेशामेल (पांढरा सॉस) करायचा आणि फोटो पाठवायचा. फी पूर्ण घेतली. पावतीत ‘लॅब’ची वेगळी ओळसुद्धा होती. पुढे हॉटेलातलं ट्रेनिंग झालं, त्याचा स्टायपेंड पेट्रोलमध्ये संपला.

आता पैशाचं. वर्षाला दीड लाख धरून सहा लाखांचं शैक्षणिक कर्ज, व्याज १० टक्के. साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत, म्हणून आईबाप पटकन सही करतात. शिकत असताना आणि पुढे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं, ते काउंटरवरचा माणूस हळू आवाजात सांगतो. आम्ही ते दर महिन्याला भरत गेलो. पहिल्या वर्षी महिना १,२५०, चौथ्या वर्षी ५,०००. म्हणून मुद्दल सहा लाखच राहिलं आणि दहा वर्षांचा हप्ता ७,९३० च्या आसपास बसला. व्याज भरलं नसतं तर पाच वर्षांचे २,१०,००० मुद्दलात जाऊन बसले असते आणि हप्ता १०,७०० झाला असता.

आणि पगार? पहिला हातात आला १७,५००. माझा आचारी तेव्हा २२,००० घेत होता, राहणं-खाणं माझ्याकडे. लेकीला हे मी बोलून दाखवलं नाही, तिनेच दाखवलं. आता तिला २४,००० मिळतात, वर सर्व्हिस चार्जचे थोडेफार. ड्युटीवरचं जेवण हॉटेलचं, गणवेश तेच धुतात, रात्री सोडायला गाडी येते. हे धरलं पाहिजे. पण ब्रेक शिफ्ट असली की सकाळी आठला गेलेली पोर मधले तीन तास स्टाफरूममध्ये काढून रात्री अकराला परत येते, तेही धरा.

कॉलेजच्या फ्लेक्सवर ‘१०० टक्के प्लेसमेंट’ आणि खाली लाखांचा आकडा. तो आकडा क्रूझवर गेलेल्या एका मुलाचा निघाला. जहाजाचा करार काही महिन्यांचा असतो आणि मधल्या सुट्टीचा पगार सहसा नसतो. फ्लेक्सवाल्यांनी महिन्याच्या पगाराला थेट बाराने गुणलं होतं. लेकीच्या वर्गातले बरेच जण आज बँकांच्या कॉल सेंटरला किंवा कपड्यांच्या शोरूममध्ये आहेत. पगार तिथे जास्त आहे आणि रविवारी सुट्टी आहे, त्यांना नावं ठेवायला मला कारण दिसत नाही.

कुणी म्हणतं, शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात वजावट मिळते. मिळते, जुन्या करप्रणालीत. पण २४,००० पगारावर आयकरच लागत नाही, तर वजावट कशातून करणार?

मग जाऊ नये का? जावं, पण कर्जाचा आकडा छोटा ठेवून. मुलगी असेल आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर २०२४-२५ पासून राज्य सरकार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिकवणी शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण भरतं. प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की संपलं. शिवाजीनगरला राज्याची हॉटेल मॅनेजमेंट संस्था आहे, तिथे आधी प्रयत्न करा. बाहेर राहायची तयारी असेल तर मुंबईत दादरचं आयएचएम (केंद्राची हॉटेल मॅनेजमेंट संस्था) आहे, १९५४ पासूनचं. त्यासाठी एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि पदवी तीन वर्षांची. एक वर्ष कमी म्हणजे एक वर्षाची फी कमी आणि पगार एक वर्ष आधी, हे आमच्या घरात कुणी मांडलंच नव्हतं.

खासगीतच जायचं असेल तर प्लेसमेंटवाल्यांना मोठ्यातला मोठा पगार विचारू नका. वर्गातल्या मधल्या मुलाला पहिल्या महिन्यात हातात किती आले ते विचारा, आणि तीन वर्षांपूर्वीच्या बॅचमधले किती जण अजून हॉटेलात आहेत तेही. आमच्या कॉलेजने दुसऱ्या प्रश्नावर चहा मागवला होता.

लेकीला काम आवडतं, ती सोडणार नाही. दिवाळीच्या सुमारास सर्व्हिस चार्ज बरा येतो, तेव्हा आम्ही मुद्दलात दहा-पंधरा हजार जादा भरतो. व्याजदर फ्लोटिंग (बदलता) असेल तर मुदतीआधी भरल्याचा दंड लागत नाही. शाखेत कुणी लागतो म्हणालं तर लेखी मागा.